सक्तीचे प्राथमिक शिक्षण

सक्तीचे प्राथमिक शिक्षण : एका विशिष्ट वयोगटातील सर्व मुलामुलींनी ठरावीक वर्षे शिक्षण घेतलेच पाहिजे, असे कायदेशीर बंधन ज्या व्यवस्थेत असते, तिला सक्तीचे शिक्षण म्हणतात. प्राथमिक टप्प्यापासून या व्यवस्थेचा आरंभ झाला. पुढे बहुतेक देशांत तिची मर्यादा माध्यमिक शिक्षणापर्यंत वाढत गेली. सक्तीच्या कायद्यात सामान्यतः वयोमर्यादा, हजेरीचे नियम, सूट मिळण्याची कारणे आणि नियम मोडणाऱ्या पालकांना दंड या बाबींची तरतूद असते. मोफत शिक्षण आणि सक्तीचे शिक्षण या दोन कल्पना आज जोडीने उच्चारल्या जात असल्या, तरी इतिहासात त्या बहुधा निरनिराळ्या वेळी आल्या. इंग्लंडमध्ये देशभर सक्ती १८८० मध्ये लागू झाली, तर प्राथमिक शाळांतील फी बव्हंशी १८९१ मध्ये उठली. जपानमध्ये १८८६ ची सक्ती आणि १९०० ची फीमाफी यांत चौदा वर्षांचे अंतर आहे. फ्रान्सने याउलट १८८१ मध्ये आधी फी रद्द केली व पुढील वर्षी सक्ती केली.

या व्यवस्थेच्या इतिहासात तीन प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेले आढळतात. सक्ती नेमकी कोणावर असावी, पालकावर की शासनावर, हा पहिला प्रश्न. सक्तीच्या शाळेत कोणाची भाषा व कोणाची संस्कृती शिकवावी, हा दुसरा. निरनिराळ्या थरांतील मुलांनी एकाच शाळेत किती काळ एकत्र शिकावे, हा तिसरा. या प्रश्नांना निरनिराळ्या देशांनी दिलेली उत्तरे पाहिली, म्हणजे सक्तीच्या कायद्याने विषमता कोठे कमी झाली आणि कोठे ती केवळ शाळेच्या दारातून शाळेच्या आत गेली, हे स्पष्ट होते.

उगम : सर्वांनी शिकावे हा विचार यूरोपात प्रथम धर्मसुधारणेच्या चळवळीतून पुढे आला. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला बायबल स्वतः वाचता आले पाहिजे, या भूमिकेतून मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या प्रशासकांना शाळा काढण्याचे आवाहन केले. वायमार (१६१९) व गोथा (१६४२) या छोट्या जर्मन संस्थानांनी मुलांना शाळेत पाठविण्याचे नियम केले. उत्तर अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स वसाहतीने १६४२ मध्ये मुलांना वाचावयास शिकविण्याची जबाबदारी आईबापांवर व धन्यांवर टाकली आणि १६४७ मध्ये विशिष्ट संख्येपेक्षा अधिक कुटुंबे असलेल्या गावांना शिक्षक नेमणे भाग पाडले. या प्रारंभीच्या नियमांचा हेतू धर्मनिष्ठा व आज्ञाधारकपणा हा होता. शिक्षण हा बालकाचा हक्क आहे, ही कल्पना त्यांमागे नव्हती.

प्रशिया व जर्मनी : सक्तीच्या शिक्षणाला राज्यसंस्थेचे कार्य असे स्वरूप प्रथम प्रशियात आले. १७१७ च्या फर्मानाने जेथे शाळा असेल तेथे मुलांना पाठविणे आवश्यक ठरले. फ्रीड्रिख द ग्रेट याने १७६३ मध्ये ग्रामीण शाळांसाठी सविस्तर नियमावली काढली व सु. पाच ते तेरा-चौदा वर्षे वयाच्या मुलांवर शिक्षणाची सक्ती केली. शेजारच्या ऑस्ट्रियात मारिया टेरेझा हिने १७७४ मध्ये तशाच स्वरूपाचा कायदा केला. तथापि या नियमांची अंमलबजावणी मंद होती. शिक्षकांचा तुटवडा इतका होता, की जायबंदी झालेल्या सैनिकांना शाळेवर नेमावे, असा हुकूम १७७९ मध्ये निघाला. सुगीच्या दिवसांत शेतकरी मुलांना कामावर नेत. नेपोलियनकडून १८०६ मध्ये येना येथे झालेल्या पराभवानंतर राष्ट्राच्या पुनरुत्थानाचे साधन म्हणून शिक्षणाकडे पाहिले जाऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकात शाळेतील हजेरी खऱ्या अर्थाने सार्वत्रिक होत गेली.

मात्र या सार्वत्रिक व्यवस्थेत आरंभापासूनच दोन वाटा होत्या. सामान्य जनतेसाठी ‘फोल्क्सशूल’ ही लोकशाळा व सुखवस्तू वर्गासाठी लॅटिन-ग्रीक शिकविणारी आणि विद्यापीठाकडे नेणारी ‘गिम्नाझियम’ ही शाळा. गिम्नाझियममध्ये जाणारी मुले पुष्कळदा स्वतंत्र पूर्वतयारीच्या वर्गांत शिकत. त्यामुळे दोन्ही थरांची मुले पहिल्या दिवसापासून वेगळी राहत. १९२० च्या कायद्याने वायमार प्रजासत्ताकाने पहिली चार वर्षे सर्वांसाठी समान शाळा केली. चौथ्या इयत्तेनंतर मुलांची निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी करण्याची पद्धत पुढेही बहुतेक जर्मन राज्यांत टिकून राहिली.

फ्रान्स : फ्रान्समध्ये १८३३ च्या गीझोच्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीवर मुलांची प्राथमिक शाळा चालविण्याची जबाबदारी टाकली. झ्यूल फेरी (१८३२–१८९३) या शिक्षणमंत्र्याच्या पुढाकाराने १८८१ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि १८८२ मध्ये सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ते सक्तीचे व धर्मातीत करण्यात आले. प्रजासत्ताकाचे नागरिक घडविणे हे या शाळेचे ध्येय होते. गावोगावच्या शिक्षकांनी खेड्यातील गरीब कुटुंबांच्या अनेक पिढ्या साक्षर केल्या आणि गुणी मुलांना शिष्यवृत्त्यांच्या मार्गाने पुढे नेले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

त्याचबरोबर ही शाळा केवळ फ्रेंच भाषेची शाळा होती. त्या काळी ब्रिटनी, दक्षिण फ्रान्स, बास्क प्रदेश इ. भागांतील असंख्य मुलांच्या घरी फ्रेंच बोलली जात नसे. ब्रेतों किंवा ऑक्सितां भाषेत शब्द उच्चारणाऱ्या मुलाला एखादी लाकडी अथवा धातूची खूण बाळगावी लागे. दुसरे मूल तसे बोलताना सापडले, म्हणजे ती त्याच्याकडे जाई आणि दिवसअखेर ज्याच्याजवळ ती उरे, त्याला शिक्षा होई. वेल्समधील अनेक शाळांत एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात अशीच लाकडी पट्टी अडकविली जाई. जपानमध्ये ओकिनावा बेटांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील बोली बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात पाटी घालण्याचा रिवाज होता. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या समाजांत एकच युक्ती आढळते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मुलांनाच मुलांवर पहारा ठेवण्यास लावून घरची भाषा ही लाज वाटण्याची वस्तू आहे, असा संस्कार तीतून होत असे. फ्रान्सने प्रादेशिक भाषांना शाळेत मर्यादित प्रवेश दिला, तो १९५१ च्या कायद्याने.

इंग्लंड : औद्योगिक क्रांती सर्वांत आधी झालेल्या या देशात सक्तीचे शिक्षण मात्र उशिरा आले. मुलांची मजुरी हा गिरणीमालकांचा नफा आणि गरीब कुटुंबांचा आधार होता. शिक्षण हे चर्चचे व धर्मादाय संस्थांचे काम मानले जाई. शासनाने १८३३ मध्ये शिक्षणासाठी २०,००० पौंडांचे पहिले अनुदान दिले आणि त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना रोज दोन तास शिकविणे आवश्यक ठरविले. १८४४ नंतर अर्धा दिवस गिरणीत व अर्धा दिवस शाळेत काढणाऱ्या मुलांचा एक वर्गच निर्माण झाला. तो १९१८ चा कायदा होईपर्यंत पूर्णपणे नाहीसा झाला नाही. १८६२ पासून वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेतील निकालावर शाळांचे अनुदान ठरविण्याची पद्धत सुरू झाली; परिणामी गरिबांच्या शाळांतील अध्यापन घोकंपट्टीपुरते आखडले.

विल्यम फॉर्स्टर (१८१८–१८८६) याच्या १८७० च्या कायद्याने जेथे शाळा अपुऱ्या होत्या, तेथे लोकनियुक्त शाळामंडळे स्थापन झाली. १८८० मध्ये पाच ते दहा वर्षांच्या सर्व मुलांवर सक्ती करण्यात आली. ही मर्यादा १८९३ मध्ये अकरा, १८९९ मध्ये बारा व १९१८ च्या कायद्याने चौदा वर्षांवर नेण्यात आली. सक्तीची झळ प्रथम गरिबांनाच लागली. मूल कामावरून काढल्यामुळे बुडालेली मजुरी, शाळेची फी आणि हजेरी अधिकाऱ्याने लावलेला दंड असा तिहेरी भार त्यांच्यावर पडे. उपाशी मूल शाळेत बसवून काही साधत नाही, हे अनुभवास आल्यावर १९०६ मध्ये स्थानिक संस्थांना शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली. १९४४ च्या बटलर कायद्याने सरकारी माध्यमिक शिक्षण मोफत केले. परंतु अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेने मुलांची ग्रामर व इतर शाळांत विभागणी होऊ लागली. १९६५ पासून समावेशक शाळांचे धोरण अंगीकारण्यात आले. फी घेणाऱ्या खासगी शाळा मात्र या सर्व स्थित्यंतरांतून अबाधित राहिल्या.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : मॅसॅचूसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचा सचिव होरेस मान (१७९६–१८५९) याने सर्व थरांतील मुलांसाठी एकच सार्वजनिक शाळा या कल्पनेचा पुरस्कार केला. त्याच राज्याने १८५२ मध्ये सक्तीचा कायदा केला. १९१८ मध्ये मिसिसिपी राज्याने तो केल्यावर देशातील सर्व राज्यांत सक्ती आली. एका बाजूला मुलांना शाळेत येण्याची सक्ती होत असताना दुसऱ्या बाजूला त्यांना शिकू न देण्याचेही कायदे या देशात झाले होते. दक्षिण कॅरोलायनात १७४० मध्ये गुलामांना लिहावयास शिकविणे गुन्हा ठरविण्यात आले. गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या राहिल्या आणि १८९६ च्या एका निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात न्यायालयाने शाळांतील वर्णभेद संविधानविरोधी ठरविला. तथापि शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून भागत असल्याने श्रीमंत वस्तीची शाळा संपन्न व गरीब वस्तीची दुर्बल, हा भेद राहिलाच. १९७३ मध्ये टेक्ससमधील रॉड्रिगेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा करपद्धतीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला व शिक्षण हा संघराज्याच्या संविधानातील मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले.

आदिवासी मुलांच्या बाबतीत सक्तीने सर्वांत कठोर रूप धारण केले. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे १८७९ मध्ये स्थापन झालेल्या निवासी शाळेत आदिवासी मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात व मातृभाषा बोलण्यास मनाई असे. तिच्या धर्तीवर अनेक शाळा निघाल्या. कॅनडात १९२० च्या दुरुस्तीने अशा मुलांना निवासी शाळांत दाखल करण्याची सक्ती करण्यात आली. या शाळांत झालेल्या छळाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत क्षमा मागितली आणि २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने या धोरणाचे वर्णन सांस्कृतिक वंशविच्छेद असे केले.

जपान : मेजी राजवटीने १८७२ मध्ये शिक्षणसंहिता जाहीर करून जात, वर्ग वा लिंग यांचा भेद न करता सर्वांसाठी शाळांचे जाळे विणण्याचा संकल्प सोडला. शाळेचा खर्च व फी गावकऱ्यांवरच पडल्यामुळे १८७३ च्या सुमारास काही ठिकाणी शेतकऱ्यांनी दंगे करून शाळा जाळल्या. अधिकृत नोंदींनुसार त्या वर्षी शाळायोग्य वयाच्या मुलांपैकी सु. २८ टक्केच शाळेत होती. मुलींचे प्रमाण सु. १५ टक्के होते. मोरी आरिनोरी (१८४७–१८८९) या शिक्षणमंत्र्याने १८८६ मध्ये सक्तीची व्यवस्था दृढ केली. १९०० मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतील फी रद्द झाल्यावर थोड्याच वर्षांत पटनोंदणी ९० टक्क्यांच्या पुढे गेली आणि १९०७ मध्ये सक्तीची मुदत चारांवरून सहा वर्षे झाली. फी उठल्यानंतर झालेली ही वाढ लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये नऊ वर्षांचे समान शिक्षण सक्तीचे झाले. १९५२ च्या कायद्याने सक्तीच्या शाळांतील शिक्षकांच्या वेतनाचा निम्मा भार राष्ट्रीय कोशाने उचलला. पुढे तो एक-तृतीयांशावर आला. शिक्षकांच्या नियमित बदल्यांमुळे चांगले शिक्षक शहरांतच साठून राहत नाहीत. त्यामुळे दुर्गम गावातील शाळा व शहरातील शाळा यांतील अंतर मर्यादित राहिले.

भारत : ब्रिटिश अंमलात १८३५ नंतरचे धोरण वरच्या वर्गाला शिक्षण दिले असता ते आपोआप खाली झिरपेल, या समजुतीवर आधारलेले होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने जनसामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः मान्य केली; पण खर्चाचा ओघ उच्च शिक्षणाकडेच राहिला. महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या मुलांना होतो, असे दाखवून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना पुरेसे वेतन द्यावे आणि अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखनवाचनाबरोबर हिशेब, शेती व आरोग्य यांचे ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले. सक्तीचा विचार करताना पैसा कोणाचा, शिक्षक कोण व ज्ञान कोणाच्या उपयोगाचे, हे प्रश्न एकत्र मांडणारे हे निवेदन त्या काळी असाधारण होते. आयोगाने सक्तीची शिफारस केली नाही.

सक्तीचा पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानात झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत तो सुरू केला व १९०६ मध्ये सर्व संस्थानात मुलामुलींना सक्तीचे व मोफत शिक्षण लागू केले. बडोद्याचे उदाहरण पुढे ठेवून गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९१० मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव व १९११ मध्ये विधेयक मांडले. त्याचे स्वरूप अत्यंत सौम्य होते. जेथे विशिष्ट प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, अशा क्षेत्रातील स्थानिक संस्थांना सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती करण्याची केवळ मुभा त्यात होती. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळण्यात आले. सरकारी सभासदांबरोबर काही जमीनदार सभासदांनीही त्यास विरोध केला. ब्रिटिश मुलखातील पहिला कायदा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई प्रांतातील नगरपालिकांपुरता झाला.

याच सुमारास कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. खेड्यातील मुलांना पुढे शिकता यावे, म्हणून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्याचे कार्य त्यांनी १९०१ पासूनच चालविले होते. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत घेण्याचा हुकूम त्यांनी दिला. याच काळात पुण्यात सक्ती फक्त मुलग्यांपुरती करावी की मुलींनाही लागू करावी, यावर नगरपालिकेत व वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला; पैशाच्या अडचणीचे कारण पुढे करून मुलींना मागे ठेवण्यास स्त्रियांनी संघटित विरोध केला. शाळेत प्रवेश मिळालेली गरीब मुले साक्षर होण्याआधीच शाळा सोडतात, ती टिकली पाहिजेत, हा मुद्दा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृह व ‘कमवा आणि शिका’ या मार्गांनी त्यावर व्यावहारिक उपाय शोधला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते मार्गदर्शक तत्त्वात मोडत असल्याने न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नव्हते व ती मुदत टळून गेली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) वस्तीतील सर्व मुलांनी एकाच शेजारशाळेत शिकावे, अशी समान शाळेची शिफारस केली; ती प्रत्यक्षात उतरली नाही. दरम्यान शाळा वाढल्या आणि साक्षरतेचे प्रमाण १९५१ मधील सु. १८ टक्क्यांवरून २०११ मध्ये सु. ७३ टक्के झाले. स्त्रियांच्या बाबतीत ते सु. ९ वरून सु. ६५ टक्क्यांवर गेले. तमिळनाडूने १९८२ मध्ये व्यापक केलेल्या व १९९५ पासून देशभर सुरू झालेल्या शालेय भोजनाच्या योजनेमुळे हजेरीस मोठा हातभार लागला.

२००२ च्या शहाऐंशीव्या संविधानदुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि तदनुसार २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या कायद्यातील ‘सक्तीचे’ या शब्दाची व्याख्या ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. मुलांचा प्रवेश, हजेरी व शिक्षणाची पूर्तता यांची खात्री करून देणे, हे शासनाचे बंधन होय, असा तिचा आशय आहे. पालकाचे कर्तव्य नमूद असले, तरी त्यासाठी शिक्षा सांगितलेली नाही. यूरोपातील जुन्या कायद्यांत जी सक्ती गरीब पालकावर होती, ती येथे शासनावर आली. विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना द्याव्यात, ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरविली. २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळण्यात आले. महाराष्ट्रात शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जागांतून सूट देणारी अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली.

भाषा व राहणीमान यांमुळे पडणारे अंतर मात्र कायद्याने सहज मिटत नाही. वारली, कोरकू, गोंडी वा भिली बोलणाऱ्या मुलाला महाराष्ट्रात शाळेची मराठी ही परकीच भाषा असते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०–क (१९५६) सांगतो. पण ज्यांच्या बोलीत पाठ्यपुस्तके व शिक्षक नाहीत, त्यांना त्याचा लाभ क्वचितच होतो. ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शालेय वर्ष मध्येच तुटते. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचा प्रयोग झाला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे केलेले कार्य या संदर्भात मोलाचे आहे. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या भूमिकेतून त्यांनी अंगणवाडीची कल्पना विकसित केली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या.

इतर देश : सक्तीचा लाभ कोणाला द्यावयाचा, हे वर्णावरून ठरविण्याचे ठळक उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिका. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांचे शिक्षण वेगळे व हलक्या दर्जाचे करण्यात आले. आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटो येथील विद्यार्थी रस्त्यावर आले व पोलिसांच्या गोळीबारात अनेक मुले मृत्युमुखी पडली. सर्व वर्णांच्या मुलांसाठी समान सक्ती तेथे १९९६ च्या कायद्याने आली. श्रीलंकेने याच्या उलट मार्ग दाखविला. तेथे १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले. सक्तीच्या हजेरीचे नियम १९९७ मध्ये झाले, तोपर्यंत बहुसंख्य मुले शाळेत येऊ लागलीच होती.

फिनलंडमध्ये सक्तीचा कायदा १९२१ इतक्या उशिरा झाला आणि दीर्घकाळ तेथेही सु. अकराव्या वर्षी मुलांची विभागणी होई. १९६८ च्या कायद्याने नऊ वर्षांची समान शाळा निर्माण करण्याचे ठरले. १९७२ मध्ये उत्तरेकडील मागास लॅपलंड भागापासून आरंभ करून १९७७ पर्यंत ती राजधानीच्या परिसरात आली. शालेय जेवण १९४८ पासूनच सर्वांना विनामूल्य मिळत होते. १९७९ पासून शिक्षकांना पदव्युत्तर पदवी आवश्यक करण्यात आली. २००० च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडमधील मुलांची कामगिरी उच्च व शाळाशाळांतील तफावत अत्यल्प आढळली. जर्मनीत मात्र मुलाचे यश व घरची परिस्थिती यांचा संबंध फार घट्ट असल्याचे दिसून आले. २००६ नंतर फिनलंडच्या गुणांतही घसरण झाली. तेव्हा एकदा साधलेली समता आपोआप टिकत नाही, हेही या उदाहरणावरून दिसते.

मूल्यमापन : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने (१९४८) प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे, हे तत्त्व मान्य केले. तथापि यूनेस्कोच्या २०२४ मधील अहवालानुसार जगात सु. २५ कोटी मुले व किशोर शाळेबाहेर होते. सक्तीच्या कायद्याचे यश दंडाच्या तरतुदीवर अवलंबून नसते, असा निष्कर्ष वरील इतिहासावरून निघतो. जेथे फी उठली, जेवण मिळाले, गावाच्या आवाक्यात शाळा आली व शिक्षक टिकला, तेथे मुले आली. जेथे केवळ हुकूम निघाला, तेथे ती शेतात वा गिरणीतच राहिली.

पियेर बूर्द्यू व झां-क्लोद पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९६४ व १९७० मधील आपल्या ग्रंथांत असे दाखविले, की शाळा ज्या भाषेला व अभिरुचीला गुणवत्ता मानते, ती काही मुलांना घरीच मिळालेली असते; त्यामुळे वरवर निःपक्षपाती दिसणारी परीक्षा वारशालाच गुणांचे रूप देते. जातिव्यवस्थेने ज्ञानाचे वाटप शतकानुशतके ठरविलेल्या समाजात या विवेचनाचे महत्त्व विशेष आहे. सर्व मुले शाळेत आली, म्हणजे सक्तीच्या शिक्षणाचा पहिला टप्पा पूर्ण होतो. एकाच गावातील मुले घरच्या मिळकतीप्रमाणे निरनिराळ्या शाळांत व निरनिराळ्या माध्यमांत विभागली जात असतील, तर जुना भेद नव्या नावाने चालूच राहतो. १८८२ मध्ये जोतीरावांनी विचारलेला, पैसा कोणाचा व शिक्षण कोणाला, हा प्रश्न म्हणूनच सक्तीच्या शिक्षणाच्या कोणत्याही धोरणाची आजही पहिली कसोटी ठरतो.